फिकी फिल्म

फिल्मच्या खालच्या कोपऱ्याला पाण्याचा थेंब लोंबत होता आणि तो पडत नव्हता. स्टीलच्या चौकटीत चिमट्यांनी ताणलेली ओली फिल्म, मागे दुधी काचेचा दिवा, आणि मधे तिच्या दीड वर्षाच्या मुलीची छाती. एवढीशी? घरी कडेवर घेतली की खांदा भरून येतो, आणि इथे कंगव्याच्या दातांसारख्या फासळ्या, मधोमध धूसर काहीतरी, ते हृदय असणार... आणि कडेला हे काय? बोटं. सांगाड्याची बोटं, एक इवलंसं मनगट आवळून धरलेली, त्यातल्या एकात पांढरंशुभ्र कडं. अंगठी. माझी अंगठी. म्हणजे हा माझाच हात. अख्ख्या फिल्मवर स्वच्छ दिसत होतं ते तेवढंच.

"फिकी आलीय," एक्स-रेवाला म्हणाला. डॉक्टर मघाशी येऊन, मान तिरकी करून बघून गेले होते. उजवीकडे खाली पांढुरकं दिसतंय खरं, पण सगळी फिल्मच पांढुरकी आहे. डाग आहे की नाही ते यावरून मला सांगता यायचं नाही, पुन्हा काढा. एवढं बोलून ते पुढच्या पेशंटकडे गेले, आणि तो डाग — किंवा नसलेला डाग — तिच्यापाशी राहिला.

"पांढरं म्हणजे वाईट का हो?" तिने विचारलं.

"इथे उलटं असतं, ताई. काळं ते चांगलं. हवेतून किरण आरपार जातात, फिल्म काळी होते. हाड अडवतं, ते पांढरं उरतं. आता हिच्या छातीत त्या घटकेला हवाच नव्हती. मग सगळं राखाडी, कशाचा पायपोस कशात नाही."

हवाच नव्हती. किती सहज म्हणाला. तिच्या मांडीवर मुलगी शर्टाविना, तिच्याच ओढणीत गुंडाळलेली, अंगठा चोखत होती. ओढणीखाली हात घालून तिने तळवा छातीवर ठेवला. गरम. वरखाली होतंय. आत बारीक घरघर... की ती यंत्राची? तीन आठवडे हेच चाललं होतं, ऐकणं. भांडी घासताना नळ बंद करून ऐकायचं, फोनवर बोलता बोलता थांबायचं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं, तू अशी टक लावून बसतेस ना, म्हणून खोकते ती. आमची चार पोरं खोकतच वाढली, कुणी ऐकायला बसलं नव्हतं." त्या बाहेर बाकावर बसल्या होत्या. मघाशी तिने दाराशी जाऊन सांगितलं, पुन्हा काढायचाय. त्यांनी पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. "पुन्हा? फोटो हलला का? पासपोर्टचाही एका वेळेत येत नाही कुणाचा." मग हळू आवाजात, "काही आहे का गं?" तेव्हा तिच्या लक्षात आलं की त्याही ऐकतच होत्या, इतके दिवस, आपल्या चार पोरांची नावं पुढे करून.

"हवा का नव्हती?" तिने एक्स-रेवाल्याला विचारलं.

"रडणारं पोर हुंदक्याआधी मोठ्ठा श्वास घेतं बघा. तेवढ्यात बटण दाबायचं. मोठ्या माणसाला श्वास धरा म्हणता येतं, हिला कोण सांगणार? मी त्याचीच वाट बघत होतो, आणि तुम्ही 'श्श' केलंत. तिने टाकला सगळा श्वास." तो रागावला नव्हता. "सगळ्या आया करतात. माझी बायकोसुद्धा."

श्श. आपण केलं? आठवत नव्हतं... आठवत होतं. त्या गार पत्र्याला टेकलेली पाठ, डोक्यावर ओढून धरलेले हात, लाल झालेला चेहरा, आणि माझ्याकडे लागलेले डोळे — ओठ आपोआप पुढे आले. रडली की खोकते, खोकली की निळी पडते, म्हणून रडू द्यायचंच नाही, हे आता हाडात गेलंय. खिडकीतलं पाखरू दाखव, किल्ल्या वाजव, श्श कर. आणि तिने ऐकलं, शहाणी. आईने सांगितलं म्हणून सोडला श्वास, आणि छातीभर पांढरं झालं.

"जरा जास्त काळी काढता येईल का?" शब्द तोंडातून गेल्यावर तिला कळलं, आपण काय मागतोय.

त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "येईल की. काळीकुट्ट काढून देतो. पण मग असलेला डागही ती गिळेल. डॉक्टर म्हणतील छान, आणि तुम्ही घरी जाल." शिशाचा जड एप्रन त्याने पुन्हा तिच्या खांद्यांवर चढवला. "मला छटा हव्यात, ताई. काळं काळ्याच्या जागी, पांढरं पांढऱ्याच्या. या वेळी तिला गप्प करू नका. एवढंच करा."

एवढंच. ओढणी सुटली, पाठ पत्र्याला टेकली, आणि मुलीचे ओठ थरथरायला लागले. तिने दोन्ही हात वर ओढून धरले. मुलगी किंचाळली. श्वास सोडला, पुन्हा किंचाळली. डोळे आईवर. आता आई श्श करेल. आता म्हणेल. आईने ओठ दातांत धरले आणि डोळे मिटले नाहीत. हे तरी पूर्ण बघ. मुलीच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं, वाट बघणंच बहुधा — आणि मग पोट खपाटीला जाऊन फासळ्या एकेक उघडल्या, छाती वर आली, आणखी वर...

खट्.

"घेतला," आडोशामागून तो म्हणाला. फिल्मचा डबा काखेत मारून तो अंधाऱ्या खोलीत शिरला. दारावरचा लाल दिवा लागला.

ती स्टुलावर बसली. मुलीला घट्ट गुंडाळलं. आता जे असेल ते दिसेल. मागता येणार नाही, लपणार नाही. आत त्या पाण्यात आत्ता काळं काळं होत असेल, आणि जे व्हायचं नाही ते होत नसेल. म्हणावंसं वाटलं, झालं हं, झालं. पण मुलगी रडतच नव्हती. एप्रनवर गाल टेकून भिंतीकडे बघत होती, शहाण्यासारखी, एकदम गप्प. इतके दिवस हीच शांतता तर हवी होती. तिने कान लावला. काहीच ऐकू येईना. रड ना, ती मनात म्हणाली. एकदा रड, तुझा श्वास मला बघू दे.