मुंजाबानं पोरं मोजली

मामांशी, म्हंजे माझ्या सासऱ्यांशी, मुंजाबाशी, मी बोलणं टाकलं होतं. भाकरी पुढं सरकवायची अन् तोंड फिरवायचं. सुनेनं असं वागू नाय, ठाव हाय मला. पण माझ्या जागी दुसरी असती तर चुलीतलं लाकूड उगारलं असतं तिनं.

आमची वस्ती दौलताबादच्या डोंगरामागं. शाळेला दोन खोल्या अन् दोनच मास्तर. थोरले गुरुजी निम्मे दिस बैठकीला, निम्मे दिस मोबाईलात कसली ना कसली माहिती भरत. शिकवायच्या त्या सुकेशनी बाई. माझी अक्षदा दुसरीत. मागच्या बाजाराला फाट्यावर तिनं एसटीची पाटी वाचली. "आई, ही वेरूळची हाय, आपली नाय," म्हणत मला पायरीवरून खाली वढली. मी जन्मभर दर गाडीला लोकांना इचारत आले. भर रस्त्यात पोरीचे मुके घेतले मी.

अन् ह्याच बाईंची बदली! का, तर पट कमी. म्हणे वीस लेकरं भरत नाय, मग दुसरा मास्तर कशाला?

भरत नाय कशी? तपासणीचा साहेब आला त्या दिवशी आमच्याकडं लोकर कातरणी होती. कातरणीला घरात कुणी रिकामं नसतं. पोरं मेंढरं धुवायला वढ्यावर. शाळेत थोडीच होती अन् गुरुजी बैठकीला. बाई म्हणल्या, "साहेब, बाकीची वस्तीवर आहेत, बघून या." साहेब आला, पण गाडीतून उतरला बी नाय. काच खाली करून मामांना म्हणला, "बाबा, शाळेत जाणारी पोरं किती इथं?"

आता आमच्यात मेंढरं मोजून सांगत नसतात. इचारलं तर कमीच सांगायचं; पुरता आकडा सांगितला की नजर लागते. लेकरांचं तर मामांना लईच भ्या. माझे दोन दीर लहानपणीच गेले. बारशाला कुणीतरी मोठ्यानं पोरं मोजली होती, असं मामा सांगतात. म्हणून म्हणले, "असतील धा-बारा. देवाची दया."

झालं! साहेबानं मोबाईलात टिपलं अन् धुरळा उडवीत गेला. मागं वढ्यात एवढी पोरं बोंबलत होती, ती ऐकू आली नाय मुडद्याला.

बाईंच्या बदलीचा हुकूम आला अन् माझं डोस्कं फिरलं; आठ दिस मामांशी बोलले नाय. मग मेंढरं वाहतो तो गोकुळचा टेम्पो सांगितला अन् सगळी पोरं भरली. मामांना म्हणले, "चला तुम्ही बी. तुम्हीच घालवली बाई, तुम्हीच आणा." मामा टेम्पोत चढले.

शहरातल्या कचेरीत आमचा वास येताच साहेबानं नाकाला रुमाल लावला. "तुमच्याच म्हाताऱ्यानं सांगितलं ना? मी काय मनानं लिहिलं?"

"मग आता मोजा की!" मी वरडले. "डोळे हायेत ना? का ते बी बैठकीला गेलेत?"

"ओ बाई, आवाज खाली. तारीख गेली. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी? लेकरू काय लोकर हाय व्हय, औंदा नाय तर पुढच्या साली कातरायला?"

तेवढ्यात मामा उठले. हात उचलला. पहिल्या पोराच्या डोक्यावर ठेवला. "एक." लगीन होऊन आल्यापासून त्यांच्या तोंडून मी लेकरांचा आकडा ऐकला नव्हता. "दोन. तीन." अक्षदापाशी आले तर हात टेकेनाच. डोळ्याला पाणी आलं. मी म्हणले, "मामा, ऱ्हाऊ द्या." तरी टेकला त्यांनी. शेवटचं पोर चोविसावं निघालं.

मग मामा साहेबाकडं वळले. "मोजली म्या. जन्मात मोजली नव्हती. आता ह्यातलं एक जरी शाळा सोडून मेंढरामागं लागलं, तर तुला इचारीन. बाईंची बदली मोडल्याबिगर मी हलत नाय." अन् साहेबाच्या दारातच फतकल मारली.

आमच्यात सून सासऱ्याच्या बरोबरीनं बसत नाय. मी पदर खोचला अन् मामांच्या शेजारी बसले. शिपाई उठा उठा करत होता.

"म्हाळसे, भाकरी आणल्यात का गं?" मामांनी इचारलं.

"लई आणल्यात," मी म्हणले. किती, ते सांगितलं नाय.