चुकीच्या बाजूचं दार

दोरीला दोन हिसके बसले. म्हणजे अजून दोर सोड. मी सोडला आणि तोंडही सोडलं. "अहो, डॉक्टरांनी फार वेळ नको म्हटलंय!" पाण्याखालच्या माणसाला ऐकू जात नाही हे मला का कळत नाही? पण नवऱ्यावर ओरडायची सवय पाणी बघून थोडीच सुटते.

होडीत माझ्यासमोर बंदराचा इंजिनिअर बसला होता. उद्यापासून इथला तळ खरवडून मोठ्या जहाजांसाठी वाट करायची होती. ह्यांचं म्हणणं, खाली बुडालेलं गाव आहे. बंदरवाल्यांचं म्हणणं, खडक आहे. आज पुरावा वर आला नाही, तर उद्या सगळ्याचा चुरा. त्यात ह्यांचे कान आणि छाती दोन्ही थकलेली. ही शेवटची बुडी, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. तरी सकाळी पायात पोहायचे रबरी पंखे चढवताना हे पोरासारखे घाई करत होते.

"काकू, सरांना खडकातही घर दिसतं," इंजिनिअर म्हणाला. "परवा म्हणे उंबरठा सापडला, त्याच्या टोकाला दाराची खुंटी फिरायचा गोल खड्डा. असले खड्डे समुद्रसुद्धा पाडतो हो."

मला राग आला. खरं तर मीही आजवर तेच म्हणत आले होते. आर्किटेक्ट माणूस, पण सगळ्या सुट्ट्या पाण्यात घातल्या. आणि स्वतःच्या स्वयंपाकघराचं दार लावलं उलट्या बाजूला! उघडलं की ओट्यावर आपटायचं. मी डोकं खाल्लं तेव्हा बिजागऱ्या पलीकडे नेल्या आणि जुन्या खाचांत लाकडाचे तुकडे ठोकले. पाहुणे आले की मी मुद्दाम ते तुकडे दाखवायची. हे आपले गालात हसायचे.

तीन हिसके. ओढ. आम्ही दोघांनी ओढलं, आज फारच जड जात होतं. हे होडीत आले ते धापा टाकत, आणि हसताहेत की रडताहेत कळेना.

"अगं, तुझ्यासारखीच कुणीतरी राहायची तिथे!"

"म्हणजे काय?"

ह्यांनी कॅमेरा इंजिनिअरच्या हातात दिला. उंबरठ्याच्या एका टोकाला तो खड्डा होता. दुसऱ्या टोकालाही होता, पण त्यात बरोबर मापाचा दगड घडवून घट्ट बसवलेला, वरून घासून सपाट केलेला.

"दार आधी चुकीच्या बाजूला लावलं. बोलणी खाल्ली. मग खड्डा बुजवून दार पलीकडे नेलं," हे म्हणाले. "समुद्र खड्डे पाडतो रे बाबा. बुजवत नाही."

इंजिनिअर फोटो मोठा करून करून पाहत राहिला. मग त्याने फोन लावला. "साहेब, उद्याचं मशीन थांबवा. खाली घर आहे."

मी वाकून खाली पाहिलं. गढूळ पाण्यात काहीच दिसत नव्हतं, तरी मी बघत राहिले. तिथे कुणी बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली असेल, आणि कुणा पाथरवटाने मान खाली घालून तो दगड ठोकला असेल. तिचं नाव गेलं, भाषा गेली, वर एवढा समुद्र आला. भांडण तेवढं जागच्या जागी राहिलं होतं.

मी टॉवेल घेऊन ह्यांचं अंग पुसू लागले. पायांशी आले तर पाय उघडे.

"अहो, पंखे कुठे टाकलेत? तरीच मेलं एवढं ओढावं लागलं!"

हे ओशाळले.

"आत जायचं होतं ना. दाराबाहेर काढून ठेवले, ते तिथेच राहिले." मग म्हणाले, "आता आणायला जाता यायचं नाही."

"राहू देत," मी म्हटलं, आणि ह्यांचे पाय कोरडे करत राहिले.