बरणीतलं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी बिजलीची मोटार आहे. दचकू नका, आता मी कुणाच्या अंगावर येत नाही. पाली गावात सुंदरराव देशमुखांच्या मोटारखान्यात मी कित्येक वर्षं एकाच जागी उभी आहे. माझ्या गादीवर कोंबड्या अंडी घालतात. त्यांना हाकलावं असं मला पूर्वी वाटायचं, आता तेवढाही उत्साह उरलेला नाही.

माझा जन्म साता समुद्रापलीकडचा. आगबोटीने मुंबईला आले, आगगाडीने जालन्याला आले आणि तिथून पालीपर्यंत चक्क बैलगाडीवर बसून आले. बैलांनी ओढलेली मोटार बघायला वाटेत गावंच्या गावं लोटली. काय हसले होते लोक! त्या वेळी मुलखात निजामाचं राज्य होतं. बीडला एका साहेबाकडे पेट्रोलची मोटार होती. तिच्या धडधडाटाने बैल बुजायचे, गाड्या उलटायच्या. म्हणून सुंदररावांनी मला मागवलं. मी मुकाट्याने चालायचे. कापसातली सरकी काढायच्या त्यांच्या जिनात तेलाचं इंजिन होतं, त्याला जोडलेल्या यंत्रातून मला वीज मिळायची. एकदा पोटभर वीज प्यायले की बीडला जाऊन परत यायचे, तरी अंगात दम शिल्लक असायचा.

सुंदरराव पाहुण्यांना मोठ्या तोऱ्यात सांगायचे, "बिजलीची हाय ही. हिला ना तेल लागतं ना पाणी!"

हे ऐकलं की माझा जीव खालीवर व्हायचा. ज्याला काही लागत नाही असं जगात कोण आहे? माझ्या चाकांना वंगण लागायचं. चाकं फिरवणाऱ्या साखळीच्या डब्यातलं तेल काळं पडलं की काढून नवं घालावं लागायचं. आणि माझ्या पोटात वीज साठवणाऱ्या ज्या पेट्या होत्या, त्यांत शिशाच्या पट्ट्या तेजाबात बुडलेल्या असायच्या. तिथलं पाणी उन्हाने, विजेने हळूहळू आटायचं. मुंबईहून आलेल्या मिस्त्रीने जाताना बजावलं होतं, "पाणी घालायचं ते फक्त पावसाचं. काचेत नाहीतर चिनीमातीत धरलेलं. विहिरीचं नको, आणि तांब्या-पितळेच्या भांड्यातलं तर मुळीच नको."

हे मनावर घेतलं ते एकट्या गीताबाईंनी, सुंदररावांच्या पत्नींनी. लोणच्याच्या दोन मोठ्या बरण्या घासूनपुसून त्यांनी माझ्यासाठी काढून ठेवल्या. श्रावणात अंगणात बरण्या मांडायच्या, फडक्याने पाणी गाळायचं आणि वर्षभर पौर्णिमेच्या पौर्णिमेला माझ्या पेट्या उघडून कमी पडेल तेवढं घालायचं. वंगण-तेलाचं काम त्या गहिनीनाथकडून करून घ्यायच्या. गहिनीनाथ आधी घरचा गाडीवान होता, मग माझा ड्रायव्हर झाला. सवयीने तो मलाही "हो, हो" म्हणून थांबवायचा.

गीताबाईंना माझी एवढी काळजी का, हे मला लवकरच कळलं. त्यांची आई सुभद्राबाई बीडला अंथरुणाला खिळून होती. गीताबाई तिची एकुलती एक लेक. बैलगाडीने जायचं तर मुक्काम आला, आणि देशमुखांची सून मुक्कामाला वरचेवर पाठवत नसत. मी मात्र जेवणं उरकल्यावर निघून त्यांना दिवेलागणीच्या आत परत आणायचे. दर बाजारच्या दिवशी आम्ही जायचो. माझी चाकं फिरली तरच त्या लेकीला आई दिसायची.

गीताबाईंच्या सासूबाई, छबुबाई, आधी कुरकुरायच्या. "आमच्या येळंला न्हाई बाई असली थेरं." पण दर खेपेला माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय त्यांनी मला दारातून कधी हलू दिलं नाही. बोलणं काटेरी, पण मन फणसाच्या गऱ्यासारखं.

एका वर्षी खंडेनवमीला घरातली सगळी अवजारं पुजली. नांगर, कोयते, बैलगाडी आणि मी. मला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं. सगळे घरात गेल्यावर छबुबाई एकट्याच परत आल्या. त्यांच्या हातात देवघरातला तांब्याचा गडू होता. पैठणहून आणलेलं गंगेचं, म्हणजे आमच्याकडच्या गोदावरीचं, पाणी त्यात लाखेने बंद करून ठेवलेलं होतं, त्यांच्या स्वतःच्या शेवटच्या घोटासाठी. त्यांनी लाख फोडली, सून करायची तसंच माझ्या पेट्यांची बुचं काढली आणि थोडं थोडं करून सगळा गडू माझ्या पोटात रिता केला.

"वळचणीचं पाणी पिऊन कुटं अंगी लागतं व्हय?" त्या माझ्यावरून हात फिरवत म्हणाल्या. "गंगामाईचं पी. माझ्या इहिणीला गुण येऊ दे."

मित्रांनो, इतकं प्रेमाने मला कुणी काही पाजलं नव्हतं. आणि तेच मला बाधलं. तांब्याच्या गडूत इतके दिवस राहिलेलं ते पाणी पट्ट्यांना आतून खाऊ लागलं. दिवसभर वीज भरावी आणि रात्रीत अंगातून निथळून जावी, असं व्हायला लागलं. "थकल्यावानी चालतीया," गहिनीनाथ म्हणायचा. गीताबाई पेट्या उघडून बघायच्या, तर पाणी काठोकाठ. म्हणून त्या निश्चिंत राहायच्या.

मार्गशीर्षात बीडहून सांगावा आला, सुभद्राबाईंचं काही खरं नाही. गीताबाई नेसत्या लुगड्यानिशी येऊन बसल्या. विहिणीला भेटायला छबुबाईही निघाल्या. मी होतं नव्हतं ते सगळं बळ लावलं. अर्ध्या वाटेवर ओढ्याचा चढ लागला आणि माझं अंगच गळालं.

"कावून थांबली गं ही?" छबुबाईंनी विचारलं.

गीताबाईंनी खाली उतरून पेट्या उघडल्या. पाणी भरलेलंच होतं, पण त्यात तळाचा गाळ तरंगत होता. "आत्याबाई, हिच्यात कुणी काय वतलं का?"

"मी वतलं. गंगेचं. खंडेनवमीला." छबुबाईंचा आवाज बसत गेला. "तुझ्या आईसाठीच वतलं गं."

गीताबाईंनी पदर खोचला आणि त्या बीडच्या रस्त्याने, भर उन्हात चालायला लागल्या.

"गहिन्या, तिच्यासंगं जा!" छबुबाई ओरडल्या. "माझं काय बी हू दे."

म्हातारी माझ्याजवळ एकटी बसून राहिली. मधूनच माझ्या दारावर हात ठेवायची, मधूनच रस्त्याकडे बघायची. ऊन उतरल्यावर गहिनीनाथ कुणाची तरी बैलजोडी घेऊन आला.

"गीताआक्का पोचल्या," तो म्हणाला. "पर तवर त्यांची आई गेलती."

पुन्हा एकदा बैलांनी मला ओढत पालीला आणलं. या वेळी कुणी हसलं नाही. नव्या पेट्या मागवल्या, पण विलायतेत लढाई पेटली होती आणि बोटी येईनाशा झाल्या. पुढे लोकांना माझा विसर पडला. गीताबाई मात्र दर श्रावणात बरण्या भरत राहिल्या. मला त्या पाण्याचा काही उपयोग नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं. सासूसुनेत त्या दिवसाचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

पुष्कळ वर्षांनी एका उन्हाळ्यात छबुबाईंनी अंथरूण धरलं. मोटारखान्यात गारवा असतो म्हणून त्यांची बाज माझ्याशेजारीच टाकली होती. शेवटच्या दिवशी त्यांचे ओठ सारखे हलत होते. गीताबाईंनी कान जवळ नेला.

"गंगेचं न्हाई उरलं गं," म्हातारी म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या, आत्याबाई." गीताबाई उठल्या. माझ्यामागच्या फळीवरून त्यांनी बरणी काढली, वाटीत पाणी घेतलं आणि सासूच्या तोंडात घातलं. छबुबाईंनी ते गिळलं, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "ग्वाड हाय की."

मित्रांनो, मी आता फार थकले आहे, जास्त बोलवत नाही. तुमच्याकडे एखादं यंत्र असेल, जनावर असेल, माणूस असेल, तर त्याला काही लागत नाही असं कधी म्हणू नका. आणि माया करायची तर आधी विचारा, तुला काय हवं आहे? माझ्यासाठी धरलेलं पाणी मला पुन्हा मिळालं नाही. पण ते वाया गेलं असं मी म्हणणार नाही.