अण्णांचा वाटा

कोप्पीकर रोडवरील त्या जुन्या इमारतीत दुपारचे ऊन तिरपे होऊन टेबलांवर उतरले, तरी मेधाची नजर पडद्यावरून हलली नव्हती. खालचा रिक्षांचा कोलाहल खिडकीतून वर येत होता. कित्येक दिवसांच्या जागरणाने तिचे डोळे चुरचुरत होते, आणि थकव्याचेही आता तिला विशेष काही वाटेनासे झाले होते.

ही कंपनी पत्र्याला आकार देणाऱ्या पॉवर प्रेसचे कंट्रोलर बनवीत असे. कंट्रोलरच्या पोटात प्रोसेसर एकच; त्याच्या वेळेवर हक्क सांगणारी कामे मात्र अनेक. म्हणून कामांचे गट पाडलेले, गटांच्या पोटी उपगट, आणि प्रत्येकाला वेळेचा नेमून दिलेला वाटा. नियम साधाच होता. उपगटांच्या वाट्यांची बेरीज वरच्या गटाच्या वाट्यापेक्षा अधिक होता कामा नये. तसे सेटिंग कोणी लिहिलेच, तर संगणकाचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, ते तपासून तत्काळ नाकारीत असे. ही तपासणी नीट होते की नाही, हे पाहून मशीनला शेवटची संमती देणे मेधाकडे होते.

सकाळपासून एकही सेटिंग नाकारले गेले नव्हते. प्रथम तिला सुटल्यासारखे वाटले. मग शंका आली. तिने मुद्दाम एका उपगटाला वरच्या गटाच्या दुप्पट वाटा लिहिला. कर्नेलने तोही निमूटपणे स्वीकारला.

"गुरुराज!" तिने हाक मारली. "बेरजेची तपासणी कुठं गेली?"

गुरुराज हा तिचा सहकारी, कर्नेलचे काम त्याच्याकडे. तो चहाचा पेला घेऊन आला. "कुठली तपासणी?"

"नाटकं नकोत. कर्नेल आता दगड घातला तरी गिळतंय."

"मीच बंद केली की गं. सारखं नाकारत होतं. मग कुणाचा वाटा कापू? अण्णांच्या आलेखाचा? तुझ्यात धमक आहे ना, तू काप!"

प्रभंजन अण्णा हे कंपनीचे संस्थापक. पडद्यावर रंगीत रेषांनी नाचणारा तो आलेख त्यांनी स्वहस्ते लिहिला होता आणि ग्राहक त्याची वाखाणणी करीत. अण्णा खोलीत आले की सर्वजण खुर्च्या सोडून उभे राहत. त्यांनी लिहिलेल्या ओळीला कोणी हात लावीत नसे. नवे काम आले की त्याला वाटा मिळे, परंतु अण्णांचा कमी होत नसे.

"आणि रखवालीचं काय?" तिने विचारले. प्रेसखाली हात आला की प्रकाशाची तिरीप तुटे, आणि प्रेस तत्क्षणी थांबविणाऱ्या कामाला त्यांनी रखवाली हे नाव दिले होते. रांगेत ते सर्वांच्या शेवटी होते.

"रोज कुठं सगळी कामं एकदम चालतात?"

"शिफ्ट संपताना चालतात. तेव्हा पत्रा घालणाऱ्या सोनाबाईचे हात आत असतात."

गुरुराजने चहा न पिताच पेला खाली ठेवला. कंट्रोलर बसवलेले मशीन दुसऱ्या दिवशी ग्राहकाकडे जायचे होते. कंपनीच्या रायापूरच्या कारखान्यात आज संध्याकाळीच त्याची पूजा होती, आणि पहिला पत्रा अण्णांनी स्वतःच्या हाताने घालायचा ही प्रथा होती.

"स्कूटर काढ," मेधा म्हणाली.

कारखान्यात प्रेसला झेंडूचा हार घातला होता आणि दोन्ही बाजूंना केळीचे कोवळे खुंट बांधले होते. अळणावरकडच्या खेड्यातून रोज येणारी सोनाबाई नव्या लुगड्यात उभी होती. उद्यापासून ग्राहकाच्या माणसांना पत्रा घालायला शिकविणारी तीच.

"मेधाक्का, वाळून काटकी झालीस की! घरी जेवू घालत नाहीत का?"

"घालतात. खायला सवड होत नाही."

"मग नवरा तरी जाडजूड बघून कर," सोनाबाई हसली. मेधालाही हसू आले, परंतु ते चेहऱ्यापर्यंत पोहोचले नाही.

अण्णांनी नारळ फोडला, पत्रा उचलला आणि ते प्रेसकडे वळले. मेधा आडवी आली.

"अण्णा, थांबा. आधी मला एक बघू द्या."

"मुहूर्त टळतो आहे, मेधा."

"टळू द्या."

असे शब्द अण्णांना त्या छताखाली आजवर कोणी ऐकविले नव्हते. मेधाने सर्व कामे एकदम सुरू केली: मोजणी, अहवाल, आलेख. मग मनगटाएवढा केळीचा एक खुंट सोडवून प्रेस चालू केली आणि दूर उभी राहून त्याचे टोक आत सरकविले. तिरीप तुटली. प्रेस थांबली नाही. ती दणक्याने खाली आली, खुंटाचा लगदा झाला, चीक उडून झेंडूच्या हारावर पडला. त्यानंतर, सर्व उरकल्यावर, ती थांबली.

सोनाबाईने दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले.

"का थांबली नाही?" अण्णांनी विचारले.

"थांबवणाऱ्या कामाला वेळच मिळाला नाही. वाटून संपला होता."

"कुणाला वाटला?"

"सर्वांत जास्त तुमच्या आलेखाला."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"कोण सांगणार, अण्णा? कर्नेल सांगत होतं. त्याचंही तोंड आम्ही बांधलं, तुमचा मान राखायला."

अण्णांनी हातातला पत्रा सावकाश खाली ठेवला. "साकु," ते कन्नडमध्ये पुटपुटले, पुरे झाले. मग म्हणाले, "काप. चित्र अडखळलं तर अडखळू दे. मशीन उद्या जाणार नाही, ते ग्राहकाला मी कळवतो." ते प्रसाद न घेताच मोटारीकडे निघाले. त्यांची पाठ एकाएकी वाकल्यासारखी दिसली आणि मेधाला स्वतःच्या जिंकण्याचा किंचितही आनंद झाला नाही.

गुरुराजने तपासणी पुन्हा जोडली. मेधाने अण्णांचा वाटा अर्ध्यावर आणून सेटिंग लिहिले. कर्नेलने नाकारले.

"अजून?" ती त्याच्याकडे वळली.

गुरुराज मान खाली घालून म्हणाला, "माझ्या मोजणीचा वाटाही थोडा फुगवलेला आहे. अण्णांचा कुणी कापणार नाही, तर आपण तरी का कमी घ्यावं, असं वाटलं."

"काप तोही."

तिने पुन्हा लिहिले. या खेपेस पडद्यावर काहीच उमटले नाही. होकार देताना कर्नेल बोलत नसते. पण त्याच्या या गप्प राहण्यावर आता विश्वास ठेवता येत होता. तरीही तिने मुद्दाम एक चुकीचा आकडा लिहिला, तो नाकारलेला पाहिला, आणि मगच ती उठली.

सर्व कामे पुन्हा सुरू झाली. आलेखाच्या रेषा म्हाताऱ्या माणसाप्रमाणे थांबत थांबत चालू लागल्या. दुसरा खुंट आत गेला, आणि प्रेस त्याच्यावर वीतभर अंतर राखून जागच्या जागी थबकली.

सोनाबाईने वाकून एका हाताने तो बाहेर काढला, उलटसुलट करून पाहिला. कोठे साधा ओरखडाही नव्हता.

"आयतु," ती म्हणाली. झाले. मग तिने पदराखालून दुसरा हातही बाहेर काढला आणि मेधाला बसायला स्टूल पुढे सरकविले.