धीमेरावांचा चौथा गिअर

"मला गाडी शिकवता? इतक्या वर्षांत माझ्या एकाही प्रवाशाने तक्रार केलेली नाही!"

जुन्या गाड्यांच्या बाजारात छाती फुगवून धीमेराव असं म्हणाले आणि समोरच्या बुटक्या स्पोर्ट्स कारमध्ये बसायला गेले. एक पाय आत गेला, दुसरा बाहेर राहिला, आणि डोकं कुठे ठेवायचं हे कुणालाच सुचेना.

"तक्रार कोण करणार?" त्यांचा पाय ओढता ओढता बायको दलालाला म्हणाली. "हे शववाहिका चालवतात."

दलाल एक पाऊल मागे सरकला. धंद्यात तो चांगलाच पोचलेला होता, पण पोचवणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटत होतं.

धीमेराव हे कामावरचं टोपणनाव. मागून माणसं चालत येतात, म्हणून गाडी दुसऱ्या गिअरच्या पुढे न्यायची नाही. परतताना गाडी रिकामी, रस्ता मोकळा. पण पळवली तर लोक म्हणणार, टाकलं एकदाचं आणि सुटला! चौथा गिअर होता, पण कपाटातल्या पाहुण्यांच्या कपबश्यांसारखा. रोज सकाळी इंजिन सुरू करण्याआधी धीमेराव तो टाकून बघायचे आणि हळूच परत काढून ठेवायचे. शहराबाहेरच्या रेसच्या ट्रॅकवर रविवारी कुणालाही स्वतःची गाडी पळवता येते, हे कळल्यापासून तर त्यांना अन्न गोड लागेना. एकदा, फक्त एकदा, चौथा टाकायचा.

दुसरी गाडी दलालाने गतिरोधकावरून नेऊन दाखवली. धीमेराव कळवळले.

"अहो, केवढी आदळते! आतल्या माणसाचं काय होईल?"

"काका, आतला माणूस तुम्ही."

 हा विचार धीमेरावांना कधी शिवलाच नव्हता.

तिसरी गाडी दोनच सीटची, लाल रंग उन्हाने पार विटलेला. बायको खाली वाकून गंज शोधायला लागली.

"गंज वरवरचा आहे, काकू," दलाल म्हणाला. "ताकद बेताची, पण वजनही बेताचं. ब्रेक आणि टायर तेवढे नवे टाका, ट्रॅकवर तेच कामाला येतात."

"आणि सामान कुठे ठेवायचं? मागे तर काहीच नाही."

"मागे काहीच नाही," धीमेराव म्हणाले. त्यांचा आवाज असा काही कापला, की बायकोने घासाघीस तिथेच सोडली.

रविवारी ट्रॅकवर उसनं हेल्मेट घालून धीमेराव निघाले. सवयीने दुसऱ्या गिअरमध्येच. वळण आलं की आणखी हळू. नवशिक्यांच्या फेरीत पुढच्याने हात दाखवल्याशिवाय त्याला ओलांडायचं नाही, असा नियम. धीमेरावांना तो सांगितला होता, पण तेव्हा कान हेल्मेटमध्ये होते. मागे गाड्यांची रांग लागली. सगळ्यांचे दिवे चालू, कुणी हॉर्न वाजवत नाही. धीमेरावांना यात काही वावगं वाटलं नाही. कडेला एक अधिकारी जीव तोडून निळा झेंडा हलवत होता. धीमेरावांनी वेग आणखी कमी केला आणि त्याला आदराने मान झुकवून दाखवली.

त्यांना बाहेर बोलावलं गेलं.

"काका, निळा झेंडा म्हणजे मागच्यांना वाट द्या!"

"मला वाटलं, तुमच्या ओळखीतलं कुणी..."

"इथे कुणीही गेलेलं नाही! सकाळपासून कुणी हललंच नाहीये, जाणार कुठून?"

बायको कठड्यापाशी उभी होती. ती हसली नाही. तिने अधिकाऱ्याला बाजूला घेतलं आणि काय सांगितलं कोण जाणे, पण सगळ्या गाड्या ट्रॅकवरून बाहेर आल्यावर त्याने धीमेरावांना एकट्याने एक फेरी मारायला परवानगी दिली.

ती खिडकीशी वाकली. "अहो, मागे कुणीसुद्धा नाहीये. बघू नका."

धीमेरावांनी आरसा वर वळवून टाकला. शेवटचं वळण गेलं आणि समोर लांबच लांब सरळ रस्ता उलगडला. दुसरा. तिसरा. इंजिन असं ओरडायला लागलं, जसं इतक्या वर्षांत धीमेराव स्वतः कधी ओरडले नव्हते. डोळ्यांत पाणी आलं, काचेतून कठडे वितळत मागे गेले. त्यांनी क्लच दाबला, गिअरची मूठ घट्ट धरली आणि सगळा जीव एकवटून चौथा टाकला.

मूठ हातात आली. गाडी तिसऱ्यातच होती.