जपमाळेला कॅलेंडर कशाला?

शनिवारी इंग्लंडमधल्या आमच्या ब्रॅकनेलच्या कम्युनिटी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दाराशी स्वयंसेवक फर्मावत होते, "त्रिकाल जपमाळ ॲप घ्या, सगळं अलाऊ करा, सीट नंबर टाका, मगच आत!" आणि रांगेत कोण? दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढणारे आमचे पुण्या-नागपूरचे हुशार लोक. न वाचता पटापट अंगठे आपटत होते. मी तेवढी ॲपशिवाय आत घुसले.

फेटेवाले त्रिकालनाथ महाराज डोळे मिटून म्हणाले, "बी रांग, बारावी खुर्ची! लेकी, मंगळवारी दहा वाजता तुझ्या छातीत सुई जाणार. खरं ना?"

त्या खुर्चीवर माझी धाकटी बहीण वैभवी होती. तिच्या छातीत गाठ होती आणि मंगळवारी बायॉप्सी. हे ती, तिचा नवरा परीक्षित आणि मी, एवढ्यांनाच ठाऊक. आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"सुई लावलीस तर गाठ चवताळेल. अंगारा घे, एकवीस दिवसांत विरघळेल!"

वैभवी रडत त्याच्या पायांवर कोसळली. गाडीत म्हणाली, "मी बायॉप्सीला जाणार नाही."

"अगं, वेड लागलंय का तुला?" मी ओरडले.

"मग त्यांना कळलं कसं? सांग ना ताई!"

घरी पोचताच मी तिचा फोन ओढून घेतला आणि सेटिंग्ज उघडल्या. जपमाळेला परवानगी कशाकशाची? कॉन्टॅक्ट्स, फोटो, लोकेशन, कॅलेंडर! कॅलेंडरमध्ये परीक्षितने नेमाने टाकलेलं होतं: मंगळवार दहा, वैभवी, ब्रेस्ट बायॉप्सी. मग मी त्यांची प्रायव्हसी पॉलिसी वाचायला घेतली. छत्तीस पानं. चौदाव्या पानावर सरळ लिहिलेलं, 'आपल्या फोनमधील माहिती मार्गदर्शनासाठी आमच्या सेवकवर्गास दाखवली जाईल.' मेल्यांनी लपवलंसुद्धा नव्हतं!

"परीक्षित, ऑफिसात हे परवानगीचे स्क्रीन तूच बनवतोस ना रे?"

त्याने मान खाली घातली. "हो ताई. कुणी वाचत नाही हे मला पक्कं माहितेय. मीही नाही वाचलं. वैभवीच्या फोनवर अलाऊ मीच दाबलं."

वैभवी मात्र ऐकेना. "ॲपला दिसतं म्हणून महाराजांना दिसत नाही असं थोडंच आहे?"

बरं बाई! मी माझ्या फोनवर ॲप घेतलं, सगळं अलाऊ केलं आणि कॅलेंडरमध्ये लिहिलं: बुधवार अकरा, मोरेश्वरकाका, हृदयाचं ऑपरेशन. रविवारी पुन्हा त्याच हॉलमध्ये ॲपवर सीट नंबर टाकला आणि वैभवीला शेजारी घेऊन बसले.

"एफ रांग, तिसरी खुर्ची! ताई, बुधवारी अकराला काकांच्या हृदयावर शस्त्र! मला दिसतोय मोरेश्वर, बिचारा घाबरलाय."

मी उठले. "कसा दिसतो हो? जाडा की बारीक?"

"कृश आहे. आजाराने पार खंगलाय."

"महाराज, मला मोरेश्वर नावाचा काकाच नाही! काल चहा पिता पिता त्याला मी जन्माला घातलं, या कॅलेंडरमध्ये!" मी फोन उंच धरला.

महाराजांचा हात फेट्याकडे गेला आणि कानातलं इवलंसं यंत्र खाली पडलं. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी महाराजांमागचा पडदा ओढला. मागे एक सेवक टॅबलेट मांडीवर घेऊन बसला होता, आणि त्यावर आम्हा सगळ्यांची नावं, खुर्च्या, दुखणी. लोक भडकले. मी जिंकल्यासारखी वैभवीकडे वळले. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई, मी आज सकाळीच बायॉप्सी ऑनलाइन कॅन्सल केली गं."

सोमवारी आठच्या ठोक्याला हॉस्पिटलला फोन लावला. रांगेत तेविसावा नंबर. शेवटी बाई म्हणाल्या, "सॉरी लव्ह, ती वेळ दुसऱ्या पेशंटला दिली. आता तीन आठवड्यांनी." मी रडले, विनवण्या केल्या, परीक्षितनेही केल्या. त्या तरी काय करणार?

तीन आठवडे म्हणजे एकवीस दिवस. अंगाऱ्याला तेवढेच लागणार होते.

त्रिकालनाथ गेला, उद्या दुसरा येईल. म्हणून हात जोडून सांगते, अलाऊ दाबण्याआधी एवढंच विचारा: मणी मोजणाऱ्याला माझं कॅलेंडर कशाला हवं? उत्तर मिळालं नाही तर नकार द्या. आणि कुणी तुमचं गुपित ओळखलं, तर ते त्याला कुठून मिळालं ते आधी शोधा. डॉक्टरांची तारीख तोवर मोडू नका.

वैभवीने नवी तारीख कागदावर लिहून फ्रिजला लावलीय. रोज सकाळी विचारते, "ताई, गाठ वाढली असेल का गं?" मला काय माहीत? अजून सोळा दिवस आहेत.