तीन तोंडांचा निरोप

नाल्यापलीकडच्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, वस्तीला जगाची जी काही खबर लागायची, ती सिरोंच्यातल्या गुलाम रसूल यांच्या एसटीडी बूथवरून. वस्तीत फोन नव्हता. कोणाचा फोन आला की गुलामभाऊ निरोप ऐकून घेत आणि एकाच्या नाही, तिघांच्या तोंडी घालत. मासे विकून परतणारा मुखरू, ऑटोवाला झिंगू आणि बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन हिंडणारी केसरबाई. एकाच्या तोंडी दिलेला निरोप वाटेत कसा फुगतो, हे गुलामभाऊंनी जन्मभर पाहिलं होतं. म्हणून तिघांतल्या दोघांचं जुळलं की ते खरं, तिसऱ्याचं सोडून द्यायचं. वस्तीचं यावर झकास चाललं होतं.

घनश्यामची दामिनी याच निरोपांवर वाढली. लहानपणी ओसरीवर बसून ती तिघांचं ऐकायची आणि चूक कोणाची ते बापाला सांगायची. बहुतेक वेळा केसरबाईची असायची. पुढे पोरगी शिकत शिकत बंगलोरला पोचली आणि तिथेही तिच्या नशिबी हेच काम आलं, फक्त पगारी.

क्वांटम संगणक म्हणून एक प्रकार शास्त्रज्ञ मंडळी जुळवत होती. त्यातली माहिती इतकी नाजूक, की नुसती पाहिली तरी बिघडते. मग तिच्या आजूबाजूला पहारेकरी बसवायचे आणि त्यांना एवढंच विचारायचं, की बाबा, तुझ्या शेजारच्या दोघांचं आपसात जुळतंय का? त्यांच्या तक्रारींवरून चूक कुठे झाली ते ओळखायचं आणि आत न डोकावता दुरुस्त करायची. हे ओळखणाऱ्या प्रोग्रॅमची दामिनी प्रमुख होती. हाताखाली पाच जण, सगळे तिच्यापेक्षा जोरात इंग्रजी बोलणारे. पण २००७ च्या त्या हिवाळ्यात सगळ्यांचीच मती गुंग झाली होती. परदेशातल्या प्रयोगशाळेतून आकडे यायचे, आणि पहारेकरी वाढवावे तशा चुका कमी व्हायच्या सोडून वाढतच होत्या.

अशात घरून पत्रानं कळलं, की चामोर्शीचं स्थळ आलंय. मुलगा सुरेंद्र, घरची भातगिरणी, माणसं बरी. अट एकच, मुलीनं नोकरी सोडायची. दामिनीनं ताबडतोब बूथवर फोन लावला. मी रविवारी येते, नोकरी सोडायची नाही, चामोर्शीवाल्यांना होकार देऊ नका. गुलामभाऊंनी निरोप तीनदा म्हणून घेतला आणि तिघांच्या तोंडी दिला. ती निर्धास्त झाली.

रविवारी नाला ओलांडून ती डोंग्यातून, त्या लहानशा होडीतून, उतरली तर अंगणात जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव. माय, म्हणजे रंभा, नवं लुगडं नेसून साखरेच्या पुड्या बांधत होती. आज साक्षगंध आहे आणि तू हे कसले कपडे घालून आलीस, म्हणून मायनं आधी तिलाच झापलं.

घनश्याम मात्र खुशीत होता. "तिघायचं एकच निंघालं," तो म्हणाला. "होकार द्या, पोरगी राजी हाय. शब्दाले शब्द. असं आजवर कधी झालं नाई."

दामिनीला तिथेच शंका आली. कधीच झालं नाही, तेच तर. केसरबाईचा निरोप दुसऱ्याशी शब्दाला शब्द जुळतो म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. तिघंही मांडवात जेवणाच्या आशेनं बसलेली होती. तिनं त्यांना निरोप विचारलाच नाही. कोण कोणाबरोबर नाला उतरलं, एवढंच विचारलं.

तिघं एकत्रच उतरली होती. त्या दिवशी डोंगा हाकणारा इसरू जेवायला गेला आणि झोपला. ही मंडळी घाटावर पळसाखाली अडकली. बोलता बोलता निरोपावर गाडी आली. नवरा मुलगा मुखरूच्या साडूचा पुतण्या, त्यामुळे त्याला नकार पटेना. झिंगूला नकार आठवत होता, पण दोघांपुढे त्याचं चालेना. शेवटी केसरबाईनं निकाल दिला.

"पोरगी लाजून नाई म्हणते वो," ती आताही तेच म्हणाली. "आपणच समजून घ्याचं असते."

तिघंही भली माणसं, म्हणूनच घात झाला. दामिनीला आधी संताप आला आणि मग हसूच फुटलं. तिचे पहारेकरीही एकाच पळसाखाली बसले होते की. एकमेकांना खेटून बसवलेले, एकदमच चुकणारे. आणि तिचा शहाणा प्रोग्रॅम त्यांना वेगवेगळी तोंडं समजून मान डोलवत होता. हे पाचांपैकी एकालाही सुचलं नव्हतं, अन् प्रमुखबाईंनाही नाही.

पण हसून मांडव थोडाच उतरतो? पलीकडच्या काठावर चामोर्शीवाल्यांची जीप येऊन थांबली होती. केसरबाईनं ठसक्यात सांगितलं, की नियमानं पाहिलं तर तीन तोंडं एका बाजूला आहेत आणि पोरगी एकटी. आयुष्यभर घनश्याम त्याच नियमानं चालला होता. शिवाय शब्द दिलेला. दामिनीला बंगलोरचं सगळं, ते पाच जण, ती टेबलं, हातातून सुटल्यासारखं वाटलं. तिला खरंच भीती वाटली.

"पोरगी सामने उभी हाय," घनश्याम शेवटी म्हणाला. "आता निरोप्यायचं काऊन आयकू?"

नकार पोचवायला तिघंही तत्परतेनं उठली. त्यानं हातानंच बसवलं. काठावर जाऊन इसरूला डोंग्यातून उतरवलं आणि डोंगा हाकायचा बांबू स्वतः घेतला. जन्मात कोणाला नाही न म्हटलेला माणूस तो. बापाचा जीव किती मोठा आहे ते दामिनीला त्या क्षणी कळलं आणि तिचे डोळे भरून आले. ती धावत जाऊन डोंग्यात बसली.

घनश्यामनं डोंगा लोटला आणि तिला दटावलं, "वाटेत बोलाचं नाई. बोललो तं आपल्या दोघायचं एकच होऊन जाईन. तुले काय म्हणाचं ते तू तिथी सांग, मले काय म्हणाचं ते मी सांगतो."

मग बापलेक तोंड मिटून नाला उतरले.